गळ-मासेमारी, हौशी (मुंबई उपनगरांतील)

उदरनिर्वाह वा व्यापार हा हेतू न ठेवता केवळ विरंगुळा व क्रीडा म्हणून काठी, दोर आणि गळ यांच्या साहाय्याने एकेक मासा पकडण्याच्या छंदास हौशी गळ-मासेमारी म्हणतात. जाळे टाकून केलेल्या मासेमारीत किती मासळी मिळाली यास महत्त्व असते. येथे मात्र माशाची जात ओळखणे, त्याच्या सवयींनुसार आमिष देणे आणि बारीक दोरावर त्याला न तोडता, न घाबरवता किनाऱ्यास आणणे यांत खरे कौशल्य असते. [⟶ मत्स्योद्योग].

इतिहास : या छंदाचे भारतातील एक जुने व सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळते. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात गोड्या व खाऱ्या पाण्यातील मासे, त्यांना घालावयाचा चारा, काठी, दोर व गळ यांची माहिती असून राजाने कोणकोणत्या रीतीने हा विनोद करावा ते सांगितले आहे. आधुनिक धर्तीची गळ-मासेमारी ब्रिटिश अमदानीत रूढ झाली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच्. एस्. टॉमस यांचा द रॉड इन इंडिया (१८७३) हा या विषयावरील विशेष मान्यता पावलेला ग्रंथ होय. कोकणात हा प्रकार गरवणे या नावाने पूर्वापार चालत आला आहे. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून व शेतांतून वर चढणाऱ्या मासळीस तेथे वलगणीचे मासे म्हणतात.

जलाशय व नद्या : मुंबई उपनगरांतील मिठी, ओशिवरा, पोईसर व दहिसर या नद्या लांबीने लहान असून पावसाळ्यात फुगतात व इतर ऋतूंत जवळजवळ आटतात. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वाहत येते. मिठीस विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांचे पाणी मिळते. वस्ती व कारखाने वाढल्यावर उद्यानाबाहेरील प्रवाहांत सांडपाणी मिसळू लागले, काठ बांधून काढण्यात आले आणि या नद्यांचे मोठ्या प्रमाणावर नाल्यांत रूपांतर झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडून मिठीस महापूर आला, तेव्हा हा विसर पडलेला नाला नदी असल्याची जाणीव शहरास झाली. गळ टाकण्याजोगे नदीचे पात्र उपनगरांत आता उरलेले नाही.

परिणामी येथील हौशी मासेमारी तलावाकडे वळली. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव नगराच्या पाणीपुरवठ्यासाठी राखून ठेवलेले असल्याने मासेमारीस बंद आहेत. मिठीच्या एका उपप्रवाहावर १८९१ च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाचे पाणी मात्र पिण्यास अयोग्य ठरले व पुढे ते इतर कामांसाठी वापरले जाऊ लागले. एका अर्थाने या अपयशामुळेच मुंबईच्या गळकऱ्यांना हक्काचे पाणी मिळाले. सु. १० मी. उंचीच्या बंधाऱ्यांमुळे झालेल्या या तलावाचे मूळ क्षेत्र सु. २·१ चौ. किमी. होते, गाळ व भराव यांमुळे ते घटले आहे. इंग्रजी अमदानीतील गळकऱ्यांच्या संघटनेची परंपरा सांगणारी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था या तलावाशी दीर्घकाळ निगडित आहे. मुलुंड, भांडुप व घाटकोपर यांच्या पूर्वेस असलेल्या ठाणे खाडीत बोय, शिंगाळा, जिताडा इ. निमखाऱ्या पाण्यातील मासे मिळतात. तथापि खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात मोडतो.

मासे : कटला पृष्ठालगत, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो, म्हणून आमिष कोणत्या खोलीवर ठेवावे हे अपेक्षित माशावर अवलंबून असते. मरळ हा मांसाहारी मासा पाणवनस्पतींच्या कडेने दबा धरून बसतो व हवेतील ऑक्सिजन घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठावर येतो. पिलांच्या थव्याजवळ राखण करणारा मरळ आमिषावर चटकन झेपावतो. परंतु तो पकडल्यास पिले निराधार होतात, म्हणून जाणकार त्याला सोडून देतात. तिलापिया हा बाहेरून आलेला मासा सर्वत्र विपुल आहे. दख्खनमधील नद्यांचा महसीर (टोर खुद्री) हा गळकऱ्यांच्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

पाण्याची परिस्थिती : माशाची भूक पाण्याचे तापमान, गढूळपणा व त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांवर अवलंबून असते. २५° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन सामावू शकतो. पाणी तापले की हे प्रमाण उतरते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे शैवल माजलेल्या तलावात दिवसा प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन वाढतो व रात्री श्वसनामुळे घटून पहाटे किमान होतो. अशा वेळी मासे पृष्ठाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नवख्यास हे मासे लागण्याचे लक्षण वाटते. वस्तुतः ते गुदमरत असतात व आमिषाकडे ढुंकून पाहत नाहीत. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी व संध्याकाळी, तर हिवाळ्यात पाणी थोडे तापल्यावर मासे चरू लागतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे तरंगते खाद्य साचत असल्याने मासेही जमतात. कटला, रोहू व मृगळ यांची वीण पावसाळ्यात होते. त्या काळात त्यांना न पकडणे हिताचे असते.

पवईत मगरी आहेत. त्यामुळे पाण्यात उतरून गळ टाकणे, काठावर मासे साफ करणे वा अंधारात एकट्याने बसणे धोक्याचे असते. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचाही संसर्ग होऊ शकतो. हातापायांवरील जखमा झाकून घेणे आवश्यक असते.

साधने : पूर्वी काठीसाठी बांबू, विशेषतः हिमालयातील रिंगाळ, आणि दोरासाठी रेशीम वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा एकधागी दोर व काचतंतूंच्या काठ्या आल्या. अलीकडे कार्बनतंतूंच्या हलक्या काठ्या प्रचारात आहेत. तलावासाठी २·५ ते ३·५ मी. लांबीची काठी सोयीची असते. रिळाच्या अटकावाचा ताण दोराच्या ताकदीच्या सु. एकतृतीयांश ठेवतात, म्हणजे मोठा मासा पळू लागला तरी दोर न तुटता सुटत जातो व मासा दमतो. गळांचे क्रमांक उलट दिशेने चालतात : क्रमांक १२ चा गळ क्रमांक ६ च्या गळापेक्षा लहान असतो, क्रमांक १ पेक्षा मोठ्या गळांना १/०, २/० असे अंक देतात. तळाचे आमिष माशाने उचलल्यास शिशाचा भार हलका होऊन तरंडा आडवा पडतो वा वर उचलला जातो. तो बुडण्याचीच वाट पाहणाऱ्याचा मासा हुकतो. काठावर घेण्यासाठी लांब दांड्याचे हातजाळे, गळ सोडविण्यासाठी चिमटा आणि डोळ्यांवरील तिरीप टाळणारी टोपी एवढे साहित्य पुरेसे होते.

आमिष : कणकेचा गोळा, गांडूळ, कोळंबी व मरळासाठी छोटा मासा ही नेहमीची आमिषे होत. कटला-रोहूंना जागेवर आणण्यासाठी शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांचा चारा आधी पाण्यात टाकतात. त्यात सुवासिक मसाले घालण्याची प्रथा असून प्रत्येक गळकऱ्याचे मिश्रण हे त्याचे गुपित असते. चारा जास्त झाल्यास तो कुजून तळाचा ऑक्सिजन खातो.

नियमन व संवर्धन : स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, १८९७ अन्वये बंदी आहे. पकडलेला मासा ओल्या हातांनी धरून, शक्य तो पाण्यातच गळ काढून सोडून देण्याची पद्धत हौशी मंडळींत रुजत आहे; त्यासाठी काटा नसलेले गळ उपयुक्त ठरतात. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० नंतर मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या संशोधनाच्या आधारे महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बोटुकली अनेक राज्यांतील जलाशयांत सोडण्यात आली. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीतील वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून महसीर श्रद्धेने राखले गेले आहेत.

पवईचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे बोटुकली सोडता येते. परंतु सांडपाणी, जलपर्णी व गाळ हे तिला वाढू देत नाहीत. तलावाकाठी होत असलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरविला. काठाचे रक्षण त्यामुळे काही अंशी झाले, पाण्याचे व्हावयाचे आहे. पाण्याचा रंग, वास व माशांची हालचाल यांतील फरक वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या गळकऱ्याच्या सहसा लवकर ध्यानात येतो. जलाशयाच्या ऱ्हासाची सूचना देणारा जागरूक निरीक्षक या नात्याने उपनगरांतील या छंदाचे महत्त्व करमणुकीपुरते मर्यादित राहत नाही.