'नाही' आणि 'ठाऊक नाही'

संगणकाला माणसांची नावं कळत नाहीत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. नाव आणि पासवर्ड देऊन आपण आत शिरतो खरे. पण युनिक्स आणि तिच्या वळणावर गेलेली लिनक्स या प्रणाली आतून माणसाला ओळखतात त्या क्रमांकानं. फाइल कोणाच्या मालकीची, हे तिथं आकड्यातच लिहिलेलं असतं. शून्य क्रमांकाचा धनी सर्वाधिकारी. बाकीच्यांना ज्याचे त्याचे अधिकार, आणि ज्या गटात नाव असेल त्या गटाचे.

नाव आणि क्रमांक यांची गाठ घालून देणारे कारकून म्हणजे 'सी' भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतली काही फंक्शन्स. मूळ व्यवस्था अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली, १९७० च्या दशकातली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये पासवर्डाची एक साधी फाइल असे. ती आजही आहे. माणसागणिक एक ओळ, ओळीत सात रकाने. फाइल सर्वांना वाचता येई, म्हणून पुढं पासवर्ड 'शॅडो' नावाच्या बंद फाइलीत हलवले. ते बरंच झालं. जुन्या काळच्या अशाच एका फाइलीतला खुद्द थॉम्पसन यांचा पासवर्ड २०१९ मध्ये उकलला. ती बुद्धिबळातली वजिराच्या प्याद्याची खेळी निघाली! पासवर्ड गेला तरी रकाना मात्र मोडला नाही. तिथं आता नुसता 'एक्स' बसतो. असंख्य प्रोग्रॅम सात रकाने मोजून वाचतात. एक काढला तर सगळेच अडखळतील.

देखभाल अवघड होते ती इथंच. नावावरून माणूस शोधणारं जुनं फंक्शन आपलं उत्तर एकाच पाटीवर लिहितं. दुसऱ्यानं काही विचारलं की पहिलं उत्तर पुसलं जातं. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एका वेळी चालू लागली, तसा एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका आला. मग नवी फंक्शन्स आली: विचारणाऱ्यानं आपली पाटी आपणच आणायची. ती लहान पडली, तर 'मोठी आणा' असं उत्तर मिळतं. जुनं फंक्शनही अर्थात ठेवावंच लागलं.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. माणूस सापडला नाही, तर जुनं फंक्शन रिकामा हात दाखवतं. शोधताना काही बिघडलं, तरीही रिकामाच हात! फाइल एकाच यंत्रावर होती तोवर हे खपून गेलं. १९८० च्या दशकात 'सन' कंपनीनं ही यादी नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर ठेवण्याची सोय केली, आणि यादी जागेवर असूनही हाती न येणं ही नित्याची शक्यता झाली. कारण कळावं म्हणून चुकीचा क्रमांक नोंदवण्याची सोय आहे. पण विचारण्यापूर्वी तो शून्यावर आणावा लागतो. शिवाय 'सापडला नाही' हे सांगतानाही निरनिराळ्या प्रणाली निरनिराळे क्रमांक देतात.

बँकेत आम्हां मंडळींना हा फरक पहिल्याच वर्षी शिकवला जाई. लेजरात नाव नसेल तर 'असं खातं नाही' म्हणा. लेजरच ऑडिटरच्या टेबलावर असेल तर 'जरा थांबा' म्हणा. काउंटरपलीकडचा माणूस दोन्ही वेळा रिकाम्या हातानंच उभा असतो. पण पहिल्या उत्तरानं त्याचं खातंच नाहीसं होतं. टपाल वाटणाऱ्या प्रोग्रॅमनं हा फरक ओळखला नाही, तर घटकाभर यादी मिळाली नाही एवढ्यावरून 'असा माणूस इथं राहत नाही' असा शेरा मारून तो पत्र परत पाठवील.

'जीलिबसी', २०११ पासूनची 'मसल' अशा लायब्ररी सांभाळणारी मंडळी या चार-दोन ओळींवर आजही डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. जुनं वचन मोडायचं नाही आणि खोटं उत्तर द्यायचं नाही, अशा दुहेरी पेचातलं हे काम. ते नीट झालं, तर कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपलं पत्र तेवढं वेळेवर पोचतं.