हायवेवरचा अपघात आणि सहा महिन्यांची मुदत

दासगावचा एक दर्जी माझे जुने गिऱ्हाईक. २०२३ साली मुंबई-गोवा हायवेवर टेम्पोने त्याला उडवले. उजवा पाय मोडला, मशीन बंद पडली. टेम्पोचा मालक ओळखीचा निघाला. "कोर्टकचेरी कशाला, मी आहे ना" म्हणत त्याने दोनदा दवाखान्याचे बिल भरले, मग तोंड दाखवायचा बंद झाला. आठव्या महिन्यात दर्जी वकिलाकडे गेला. वकिलाचा पहिला सवाल : अपघाताची तारीख काय?

मुदत संपली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नुकसानभरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची अट होती. १९९४ च्या नोव्हेंबरात ती निघाली, आणि सत्तावीस वर्षे मुदतच नसल्याने "दावा केव्हाही लावता येतो" हे लोकांच्या डोक्यात बसले. १ एप्रिल २०२२ पासून अट परत आली, तीही उशीर माफ करण्याची तरतूद न ठेवता.

या अटीला आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की, निकालापर्यंत केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत. दर्जीने कागद पुन्हा वकिलाकडे दिले आहेत. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

आपल्या घरांत आणखी एक अडचण आहे. कर्ता माणूस गेला की बेवा इद्दतीत बसते. चार महिने दहा दिवस त्यातच जातात, हाती पन्नासेक दिवस उरतात. तिला घराबाहेर पडण्याची गरज नाही. दुसरा वारस किंवा वारसाने अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो. अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तेथील न्यायाधिकरणातही दावा चालतो, म्हणजे मुंबईत दुकान असलेल्या मुलाने अलिबागलाच खेपा घालाव्यात असे नाही.

कारखान्यात कामावर असताना कारागीर जखमी झाला तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ च्या कायद्याने दोन वर्षे मिळत होती. रेल्वे अपघाताला एकच वर्ष, हे वीर स्टेशनवरून ये-जा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एफआयआर, पंचनामा व दवाखान्याच्या कागदांच्या नकला लगेच घ्याव्यात. कमाईचा पुरावा हाच आपला कच्चा दुवा. दर्जीकडे पगाराची चिठ्ठी कुठली? त्याची मापांची वही आणि माझ्या दुकानाची कापडाची बिले, एवढेच वकिलाने मागून घेतले आहे.