गल्ला सामायिक, जोखीम ज्याची त्याची

क्रिप्टो बाजारात ‘तरलता पुरवा आणि बक्षीस मिळवा’ या योजनांचे आकर्षण वाढले आहे. हे बक्षीस नेमके कशाबद्दल मिळते आणि ते कोणाच्या खिशातून येते?

बँकेतील मुदत ठेवीचे व्याज सहा-सात टक्क्यांच्या आसपास घुटमळत असताना कोणी वर्षाला वीस, चाळीस, क्वचित शंभर टक्के मिळकतीचे आमिष दाखवले, तर सुशिक्षित गुंतवणूकदाराचे पाऊलही क्षणभर अडखळते. क्रिप्टो चलनांच्या विनिमय मंचांवर असे आकडे सर्रास झळकत असतात. आपल्याजवळील दोन प्रकारची नाणी जोडीने मंचावर जमा करायची, म्हणजेच मंचाला ‘तरलता’ पुरवायची, आणि त्या बदल्यात दररोज बक्षीस घ्यायचे, असे या योजनेचे ढोबळ स्वरूप असते. पडद्यावर जमा रक्कम दिसते, टक्केवारी दिसते आणि मिळकतीचा वाढता आकडाही दिसतो. त्यामुळे ही एक प्रकारची ठेवच आहे, असा समज सहज होतो. वास्तविक ती ठेव नव्हे. तो एक व्यापार आहे, आणि बक्षीस हे त्या व्यापारातील जोखमीचे मोल आहे. हा फरक एकदा ध्यानात आला की पुढील हिशेब समजणे अवघड नाही.

तारवणीवाल्यांचा व्यवसाय

कोणत्याही बाजारात घेणारा आणि विकणारा एकाच क्षणी समोरासमोर येतील, याची शाश्वती नसते. म्हणून मधे कोणीतरी दोन्ही भाव जाहीर करून उभे राहावे लागते: ‘या भावाने घेईन, या भावाने देईन.’ मुंबई शेअर बाजारात १९९५ साली संगणकीय व्यवहार सुरू होण्यापूर्वी रिंगणात उभे राहून हे काम करणारे जॉबर असत. त्यांना ‘तारवणीवाले’ असेही म्हटले जाई. स्वतःच्या पैशाने ते घेत आणि विकत. दोन भावांमधील फरक ही त्यांची कमाई. मात्र हातात घेतलेल्या समभागाचा भाव अचानक कोसळला, तर तोटाही त्यांचाच. बाजारात तरलता राहते ती अशा मंडळींच्या भांडवलामुळे. ज्या वस्तूला कोणत्याही क्षणी वाजवी भावाने गिऱ्हाईक मिळते, ती तरल. आणि ज्या बाजारात असे घडते, तो तरल बाजार.

क्रिप्टो बाजारात या तारवणीवाल्याची जागा एका संगणकीय सूत्राने घेतली. ईथेरियमचे एक संस्थापक विटालिक बुटेरिन यांनी २०१६ साली या कल्पनेची चर्चा केली होती. पुढे हेडन अॅडम्स या तरुण यांत्रिकी अभियंत्याने तिला प्रत्यक्ष रूप दिले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘युनिस्वॅप’ हा मंच सुरू झाला. येथे भाव पुकारणारा कोणी माणूस नाही. अनेकांनी मिळून दोन नाण्यांचा एक साठा करायचा आणि ज्याला अदलाबदल करायची असेल त्याने त्या साठ्यात एक नाणे टाकून दुसरे काढून घ्यायचे. या साठ्याला आपण सामायिक गल्ला म्हणू. प्रत्येक अदलाबदलीवर ठराविक शुल्क आकारले जाते. युनिस्वॅपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ते ०.३ टक्के होते आणि गल्ल्यातील वाट्यानुसार ते पैसे पुरवणाऱ्यांच्या पदरात पडत.

सूत्र साधे, परिणाम दूरगामी

गल्ल्यातील भाव ठरतो तो एका साध्या गुणाकाराने. दोन्ही नाण्यांच्या संख्यांचा गुणाकार व्यवहारापूर्वी आणि व्यवहारानंतर सारखाच राहिला पाहिजे, एवढाच नियम. साहजिकच जे नाणे गल्ल्याबाहेर जाते ते महाग होत जाते आणि जे आत येते ते स्वस्त.

एक उदाहरण घेऊ. ‘क्ष’ नावाच्या नाण्याचा भाव १०० रुपये आहे. आपण १० क्ष नाणी आणि १,००० रुपये मूल्याचे स्थिर नाणे, असे एकूण २,००० रुपये गल्ल्यात ठेवले. दोन्ही संख्यांचा गुणाकार झाला १०,०००. आता समजा, बाहेरच्या बाजारात क्षचा भाव ४०० रुपयांवर गेला. गल्ल्यात मात्र तो अजून स्वस्त आहे. भावातील अशा फरकावर जगणारे व्यापारी तत्काळ येतात आणि गल्ल्यातील भावही ४०० होईपर्यंत क्ष नाणी उचलत राहतात. ते थांबतात तेव्हा गल्ल्यात ५ क्ष आणि २,००० रुपये उरलेले असतात. गुणाकार पुन्हा १०,०००. आपल्या साठ्याचे मूल्य झाले ४,००० रुपये.

दोन हजारांचे चार हजार झाले म्हणून आपण खूश होऊ. परंतु तीच १० नाणी आणि १,००० रुपये घरातल्या कपाटात पडून असते, तर त्यांचे मूल्य ५,००० रुपये झाले असते. म्हणजे काहीही न करणाऱ्यापेक्षा आपण २० टक्क्यांनी मागे राहिलो.

भाव उलट्या दिशेने गेला तरी सुटका नाही. क्ष १०० वरून २५ रुपयांवर आला, तर गल्ल्यात २० क्ष आणि ५०० रुपये राहतात, एकूण १,०००. नुसते सांभाळून ठेवले असते तर १,२५० उरले असते. येथेही फरक २० टक्क्यांचाच. भाव दुप्पट किंवा निम्मा झाला तर हा फरक सुमारे ५.७ टक्के असतो. याचे कारण सूत्रातच आहे. वाढणारे नाणे वाढत असताना विकत राहायचे आणि पडणारे नाणे पडत असताना विकत घ्यायचे, हे गल्ल्याने आपल्या वतीने आधीच कबूल केलेले असते. रिंगणातला तारवणीवाला वारा बघून भाव बदलू शकत असे, प्रसंगी हात आखडता घेत असे. सूत्राला ती मुभा नाही.

या तोट्याला इंग्रजीत ‘इम्पर्मनंट लॉस’, म्हणजे अस्थायी तोटा, असे नाव रूढ झाले आहे. दोन्ही नाण्यांचे परस्पर भाव पुन्हा मूळ जागी आले तर तो नाहीसा होतो, हे खरे. पण ते परत न आल्यास, अथवा त्याआधीच पैसे काढून घ्यावे लागल्यास, हा तोटा पूर्णपणे स्थायी ठरतो. नावातील दिलासा फसवा आहे.

बक्षिसाचा उगम

या तोट्याची भरपाई व्हायची ती शुल्कातून. एक कोटी रुपयांच्या गल्ल्यात दररोज दहा लाखांची उलाढाल झाली, तर ०.३ टक्के दराने दिवसाला ३,००० रुपये शुल्क जमते. वर्षभर हाच वेग टिकला तर मिळकत सुमारे ११ टक्के. उलाढाल निम्म्यावर आली, किंवा तेवढ्याच उलाढालीवर गल्ला दोन कोटींचा झाला, की मिळकतही निम्मी. पडद्यावर दिसणारा वार्षिक दर हा बहुधा गेल्या काही दिवसांच्या उलाढालीवरून काढलेला असतो. तो पुढील वर्षाचे आश्वासन नसतो. शिवाय मोठी उलाढाल बहुतेक वेळा भावातील मोठ्या चढउतारांच्या सोबतीने येते. म्हणजे ज्या दिवसांत शुल्क भरपूर, त्याच दिवसांत वरील तोटाही भरपूर.

बक्षिसाचा दुसरा प्रकार वेगळा आहे. गल्ला भरावा म्हणून मंच स्वतःचे नवे नाणे छापून वाटतो. ‘कंपाउंड’ या कर्जाऊ देवघेवीच्या मंचाने जून २०२० मध्ये असे वाटप सुरू केले आणि त्याची लाटच आली. युनिस्वॅपनेही सप्टेंबर २०२० मध्ये आपले नाणे काढून चार जोड्यांना ते बक्षीस म्हणून दिले. नोव्हेंबरमध्ये वाटप थांबताच तेथील भांडवलाचा मोठा हिस्सा अल्पावधीत निघून गेला. छापलेल्या नाण्याला कोणीतरी विकत घेणारा असेपर्यंतच अशा बक्षिसाला किंमत असते.

ती कशी शून्यावर येते, याचे उदाहरण १६ जून २०२१ रोजी दिसले. भारतीय अभियंत्यांनी उभारलेल्या पॉलिगॉन या साखळीवर ‘आयर्न फायनान्स’ नावाचा प्रकल्प चालत होता. त्याचे ‘टायटन’ हे नाणे साठ डॉलरच्या वर पोहोचले होते; एका दिवसात ते जवळजवळ शून्यावर आले. अमेरिकी उद्योजक मार्क क्युबन यांनी त्याच्या काही दिवस आधीच तरलता पुरवून होणाऱ्या कमाईचे कौतुक करणारा लेख लिहिला होता. आपल्यालाही या घसरणीचा फटका बसल्याचे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले.

अनुभवी मंडळींची कथा

मे २०२१ मध्ये युनिस्वॅपची तिसरी आवृत्ती आली. आपले भांडवल कोणत्या भावपट्ट्यात कामाला लावायचे, हे पुरवणाऱ्याला ठरवता येऊ लागले. पट्टा अरुंद, तर शुल्काचा वाटा मोठा. पण भाव पट्ट्याबाहेर गेला की शुल्क बंद आणि हाती फक्त घसरलेले नाणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या आवृत्तीवरील १७ प्रमुख गल्ल्यांचा हिशेब मांडला गेला. पुरवणाऱ्यांनी १९ कोटी ९३ लाख डॉलर शुल्क मिळवले होते, आणि नाणी नुसती सांभाळण्याच्या तुलनेत त्यांचा तोटा होता २६ कोटी १ लाख डॉलर. जवळपास निम्मे पुरवठादार तोट्यात होते. ही पाहणी प्रसिद्ध करण्यात ‘बँकॉर’ या प्रतिस्पर्धी मंचाचा सहभाग होता, हे लक्षात ठेवायला हवे. हा मंच अस्थायी तोट्यापासून संरक्षणाची हमी देत असे. मात्र जून २०२२ मध्ये बाजार कोसळला तेव्हा त्यालाही ती हमी स्थगित करावी लागली.

मग दोन्ही बाजूंना डॉलरशी बांधलेली स्थिर नाणी ठेवली तर? भावात फरक पडत नाही तोवर हा मार्ग खरोखरच कमी जोखमीचा आहे. पण बांध फुटला की गल्ला झपाट्याने दुबळ्या नाण्याने भरतो, कारण प्रत्येकजण तेच टाकून चांगले नाणे उचलतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि तेथे राखीव निधीतील ३३० कोटी डॉलर अडकल्याने यूएसडीसी हे नाणे ९० सेंटच्याही खाली घसरले. ठेवी सुरक्षित असल्याचे अमेरिकी सरकारने जाहीर करताच ते काही दिवसांत सावरले. थांबलेल्यांचे नुकसान टळले, घाबरून बाहेर पडलेल्यांचे झाले. त्याआधी मे २०२२ मध्ये टेराच्या यूएसटी नाण्याचा बांध फुटला तो मात्र कायमचा. त्या गल्ल्यात थांबलेल्यांच्या हाती यूएसटीच उरले.

यात भर म्हणजे तांत्रिक जोखीम. संगणकीय आज्ञावलीतील चूक किंवा चोरी यांमुळे संपूर्ण गल्लाच रिकामा होऊ शकतो. हा धोका व्यावसायिकांनाही आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईस्थित कॉइनडीसीएक्सच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीला गेले. हे खाते भागीदार मंचावर तरलता पुरवण्यासाठीच वापरले जात होते, असे कंपनीने सांगितले. ग्राहकांची मालमत्ता सुरक्षित असून नुकसान आपण सोसू, असेही तिने जाहीर केले. ज्याच्या मागे अशी कंपनी नाही, त्या एकट्या गुंतवणूकदाराला नुकसान स्वतःच सोसावे लागते. बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे ठराविक मर्यादेपर्यंत संरक्षण असते; सामायिक गल्ल्याला तसे काही नाही.

करांचा वाटा

भारतीय गुंतवणूकदाराचा हिशेब येथे संपत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च वजा करण्यास मनाई केली. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येणार नाही, अशीही तरतूद केली. जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर एक टक्का कर उगमापाशीच कापण्याचा नियम आला. तरलता पुरवण्याच्या व्यवसायात तुटपुंज्या शुल्कातून तोटा भरून काढायचा असतो. ज्या करव्यवस्थेत नफा मोजला जातो आणि तोटा सोडून दिला जातो, तेथे हे गणित आणखीच तंग होते. अदलाबदल, शुल्क आणि बक्षीस यांची तारीखवार नोंद ठेवणे व सनदी लेखापालाचा सल्ला घेणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

याचा अर्थ तरलता पुरवणे हा मूर्खपणा आहे, असा नव्हे. बाजाराला तिची गरज आहे आणि जाणकारांना त्यातून उत्पन्नही मिळते. मात्र पैसे गुंतवण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. बक्षिसाचा किती भाग शुल्कातून आणि किती नव्याने छापलेल्या नाण्यातून येतो? जोडीतील दोन नाण्यांचे भाव एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात? नुसती सांभाळून ठेवली असती तर आज ती नाणी किती मूल्याची असती? आणि दोहोंपैकी जे नाणे कोसळेल, ते सगळेच्या सगळे आपल्या हाती उरले तर चालेल काय? यातील शेवटच्या प्रश्नाला मनापासून होकार देता येत नसेल, तर पडद्यावरील टक्केवारी कितीही मोहक असो, त्या गल्ल्यावर बसण्याची वेळ अद्याप आलेली नाही.