खाडीकांठचें पक्षिस्थान आणि शेजारची घरबांधणी

आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं, आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं खाडी प्रत्यक्ष पाहिलेलीहि नसेल. तरी ठाण्याच्या खाडीविषयीं या मासिकांत चार शब्द लिहिण्यास कारण आहे. राखीव क्षेत्राची हद्द नकाशावर आंखली म्हणजे आंतील जीवसृष्टि सुरक्षित झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती किती अपुरी आहे हें या खाडीकांठीं स्पष्ट दिसतें. आणि पाणी व शेजारी यांचा हा संबंध कास्तकारास अपरिचित नाहीं.

मुंबई व नवी मुंबई यांच्यामध्यें ही खाडी आहे. समुद्राचें पाणी तींत अहोरात्रांत दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. ओहोटी लागली म्हणजे कांठचा चिखल मैलोगणती उघडा पडतो. त्या चिखलांत वाढणारें सूक्ष्म निळें-हिरवें शेवाळ हें लहान जातीच्या रोहित पक्ष्याचें मुख्य अन्न होय. सन 1990 नंतरच्या दशकापासून हे पक्षी येथें थव्यांनीं येऊं लागले, आणि 2019 च्या गणनेंत त्यांची संख्या लाखावर गेली. ऑगस्ट 2015 मध्यें सरकारनें येथील सुमारें 1690 हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलें. त्यांत सुमारें 896 हेक्टर कांदळवन असून बाकीचें पाणी आहे. सभोंवतीं संवेदनशील पट्टा 2021 सालीं ठरला. त्याची रुंदी सर्वत्र सारखी नाहीं. पुढें 2022 सालीं रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींतहि ही खाडी दाखल झाली.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु भरती आली म्हणजे तो चिखल पाण्याखालीं जातो, व इतक्या पक्ष्यांस पाय टेकण्यास जागा उरत नाहीं. अशा वेळीं ते उडून नेरूळ बाजूच्या उथळ तळ्यांवर जातात, आणि ओहोटी लागतांच परत फिरतात. हीं तळीं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणजे पक्ष्याचें जेवणाचें पान हद्दीच्या आंत आणि विसाव्याची जागा बाहेर, असा हा प्रकार आहे. पान राखून जागा घालविली तर पक्षी टिकणार नाहीं.

या जागांचा पूर्वेतिहास शेतीचाच आहे. तेथील आगरी शेतकरी खाऱ्या जमिनीस बांध घालून भात पिकवीत. बांधांत 'उघाडी' नांवाची झडप असे, ती पावसाचें पाणी बाहेर सोडी व भरतीचें पाणी आंत येऊं देत नसे. 1970 सालीं सिडको स्थापन झाली व नव्या शहरासाठीं या जमिनी संपादन झाल्या. मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांनीं जें आंदोलन केलें, त्यांत जानेवारी 1984 मध्यें गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. त्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. शहराचा पुष्कळसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं असल्यामुळें पावसाचें पाणी सांठविण्यास धारण-तळीं राखावीं लागलीं. भरती असतां पाऊस तेथें थांबतो, ओहोटींत बाहेर पडतो. उघाडीचेंच हें मोठें रूप होय. तेव्हां पाणथळ जागा बुजविल्यास पक्ष्यांच्या मागोमाग रहिवाशांच्याहि घरांत पाणी शिरणार, हें सांगण्यास इंजिनियर लागत नाहीं.

तरीहि नेरूळच्या एका पाणथळ जागेवर गोल्फचें मैदान व निवासी इमारती करण्याचा बेत झाला. मुंबई उच्च न्यायालयानें 2018 सालीं तो रद्द ठरविला, व प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेलें. जवळच सुमारें 30 एकरांचें 'डीपीएस तळें' आहे. तेथें कोणीं इमारत उभारली नव्हती. केवळ भरतीचें पाणी येण्याची वाट अडली. 2024 सालीं तळें सुकलें व कांहीं रोहित मेले. पुढें 2025 मध्यें राज्य वन्यजीव मंडळानें तें तळें संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. नवी मुंबई आपणांस रोहितांचें शहर म्हणवून घेते. तेव्हां एवढें तर करणें भागच होतें!

लोकांस घरें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जमीन दप्तरांत काय म्हणून लिहिली आहे यावरच अखेर तंटा तुटतो. उच्च न्यायालयानें ऑक्टोबर 2005 मध्यें कांदळवनतोडीस बंदी करून त्याभोंवतीं 50 मीटरपर्यंत बांधकाम मना केलें, व सरकारी कांदळवन वनखात्याकडे सोंपवून महसुली नोंदी दुरुस्त करण्यासहि सांगितलें. आमच्या मतें त्या हुकुमांतील हा शेवटचा भागच अधिक जोरकस आहे. कुंपण तोडतां येतें, नोंद फिरविण्यास फेरफार लागतो.

आपल्याकडे ई-क्लास जमीन व गांवतलाव यांस हेंच लागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 प्रमाणें गुरचरण वगैरे सार्वजनिक कामासाठीं नेमलेली जमीन कलेक्टरांच्या मंजुरीवांचून दुसऱ्या कामीं लावतां येत नाहीं. आणि गांवच्या तळ्यांवरील व सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2011 मध्यें सर्व राज्यांस सांगितलें आहे. वाचकांनीं तलाठ्याकडे गांव नमुना 1-ब पाहावा, त्यांत सरकारी पडीत जमिनींची नोंद असते. अतिक्रमणाची नोंद 1-इ मध्यें असते. तलावाची नोंद सांपडली तरी तेथेंच न थांबतां, त्यांत पाणी आणणारा नाला कोणकोणत्या सर्व्हे नंबरांतून येतो तेंहि नकाशावरून उतरून घ्यावें. तलाव सरकारी आणि नाला खासगी नंबरांतून जाणारा, अशीं गांवें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलीं; आणि अशा नंबरांत लेआउट पडला म्हणजे पहिल्यानें बुजतो तो नालाच.