मराठवाड्यातून समुद्रकिनारी राहायला जाताय? तब्येतीची तयारी अशी करा

"मुलाने पनवेलला घर घेतले, आता आम्हाला तिकडेच बोलावतोय. डॉक्टर, तिथली हवा आम्हाला मानवेल का?" विष्णुपुरीच्या ओपीडीत हा प्रश्न नेहमीचा आहे. कुणी तरोड्याचे घर भाड्याने देऊन उलव्याला निघालेले असते, कुणाच्या मुलीला रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी लागलेली असते, तर मुखेड-कंधारकडचे मजूर बांधकामावर नवी मुंबईला जातात. बहुतेकांना वाटते की नांदेडचे ४३ अंश सोसणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचे ३३-३४ अंश म्हणजे काहीच नाही. हा समज धोक्याचा आहे.

खारघरचे उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळा झाला. लोक तासन् तास उघड्यावर उन्हात बसले होते. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसराचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये ३८ अंश असले तर लोक "आज ऊन जरा कमीच आहे" म्हणतात.

घाम येणे आणि घाम वाळणे

उन्हाळ्यात शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नाही, तर तो वाळल्यामुळे. घामाची वाफ होताना ती त्वचेची उष्णता घेऊन जाते. नांदेडच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे घाम आला कधी आणि वाळला कधी हे कळतही नाही. किनाऱ्यावर हवेतच भरपूर बाष्प असते. घाम निथळतो, कपडे अंगाला चिकटतात, पण शरीर थंड होत नाही. वाळला नाही तो घाम वाया गेला असे समजा. पाणी आणि मीठ मात्र शरीरातून गेलेलेच असते.

थर्मामीटरला ओले फडके गुंडाळून वारा घातला की जे तापमान मिळते, ते शरीराच्या दृष्टीने जास्त खरे असते. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते साधारण २२ अंश भरते. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर २८ अंश. म्हणजे घाम वाळवून थंड होण्याची सोय किनाऱ्यावर कितीतरी कमी.

म्हणूनच एक घरगुती सल्ला: वाळ्याच्या ताट्यांचा कूलर टेम्पोत चढवू नका. कूलरही पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. दमट हवेत तो गारवा देत नाही, उलट खोलीतला दमटपणा वाढवतो. तिथे समोरासमोर खिडक्या असलेली खोली आणि पंखा जास्त उपयोगी. घरात हृदयरोगी किंवा फार वयस्कर माणूस असेल आणि परवडत असेल तर एका खोलीत एसी घ्या. माठाचेही तसेच, तिथे माठातले पाणी इथल्यासारखे गार होत नाही. यात इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा आहे. फ्रिज नसलेल्या घरांत आपण इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून माठात ठेवायला सांगतो. किनाऱ्यावर त्या उपायावर विसंबू नका, फ्रिजची सोय करा. बाटली फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आणखी एक फरक रात्रीचा. इकडे गच्चीवर झोपले की पहाटेपर्यंत अंग निवते. किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या रात्रीही उकाडा फारसा उतरत नाही. झोप नीट होत नाही, आणि शरीराला दिवसाच्या उष्णतेतून सावरायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात चार महिने जी मोकळीक मिळते, तीही तिथे फारशी नसते.

पहिले दोन आठवडे

नव्या हवेला सरावायला शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, आणि तेच काम करताना हृदयावर कमी ताण पडतो. पण हे बदल थोडे थोडे काम वाढवल्यानेच होतात. बांधकामावर जाणाऱ्या भावांनी पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उचलू नये. नेहमीच्या कामाच्या पाचव्या भागापासून सुरुवात करून रोज थोडे वाढवणे योग्य. मुकादम हे ऐकत नाही, हे मला माहीत आहे. तरीही निदान सावलीत थांबण्याची आणि पाण्याची सोय मागून घ्या. जड कामात तासाला एक लिटर घाम सहज जातो. नुसते पाणी पिऊन भागत नाही. जेवण चुकवू नका, ताक किंवा ओआरएस घ्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी-मीठ मोजून सांगितलेले आहे, त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

गोंधळल्यासारखे बोलणे, झोक जाणे, बेशुद्धी, फिट, अंग चटका बसेल इतके तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. "अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही" असे समजू नका. दमट हवेत आणि कष्ट करणाऱ्यांत घाम सुरू असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ ठेवा, जोरात वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

चालू असलेल्या गोळ्या

रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. घामाने पाणी-मीठ जात असताना ही गोळी चालू असली की उठताना चक्कर येते, पायात गोळे येतात, वयस्कर माणसात सोडियम घसरून तो बरळू लागतो. मुलांना वाटते, आईला जागा बदलल्यामुळे कसेसेच होतेय. अशा वेळी सोडियम तपासून घ्या. पहिल्या महिन्यात दोनदा तरी बसून आणि उभे राहून बीपी मोजा. गोळी स्वतःहून बंद करू नका, डोस डॉक्टर ठरवतील. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर तिच्यामुळे लघवीतून साखर आणि पाणी जाते. दमट हवेत जांघेत बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता आणखी वाढते.

बुरशीबद्दल जरा स्पष्टच सांगतो. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" मागून आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरते. नंतर महिनोन् महिने औषध घ्यावे लागते. घामोळ्या असतील तर सैल सुती कपडे आणि गार पाण्याची आंघोळ पुरते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा आतले कपडे इस्त्री करून घाला.

दम्याच्या रुग्णांना कुणीतरी "समुद्राची हवा चांगली" असे सांगितलेले असते. धूळ आणि कोरड्या थंडीने ज्यांना त्रास होतो, त्यांना कधी बरे वाटते. पण गादी-उशीतले सूक्ष्म किडे आणि भिंतीवरची बुरशी ओलसर घरात वाढतात, आणि त्यांची ॲलर्जी असेल तर दमा बळावतो. म्हणून घर पाहताना ओल आलेली भिंत आधी बघा, समुद्र किती जवळ आहे ते नंतर. इनहेलर सुरूच ठेवा.

पावसाळ्यातले ताप

नांदेडला वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीकडे ३००० च्या वर. साचलेल्या पाण्यात उंदरांचे आणि गुरांचे मूत्र मिसळते आणि पायावरच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, नंतर कावीळ किंवा लघवी कमी होणे असे काही दिसले तर घरी थांबू नका. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा. डॉक्सिसायक्लिनने हा आजार टाळता येतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते. मलेरिया-डेंग्यू आपल्याकडेही आहेत, तिथेही मच्छरदाणी हवीच. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जाणाऱ्यांनी २०१६ पासून तिथे आढळणाऱ्या माकडतापाची माहिती आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी. तो गोचिडीमुळे होतो.

विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. हात-पाय गार पडणे, दरदरून घाम, उलट्या ही धोक्याची चिन्हे आहेत. यावर प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरते हे महाडला काम करून जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले आहेत.

निघण्यापूर्वी

सगळ्या तपासण्यांची एक फाइल करा, औषधांची नावे व डोस एका कागदावर लिहून घ्या, महिनाभराच्या गोळ्या सोबत ठेवा. देवगिरी किंवा तपोवनने जाणार असाल तर औषधे हातातल्या पिशवीत असू द्या, सामानाच्या टेम्पोत नकोत. आयुष्मान कार्ड आणि रेशन कार्ड बरोबर न्या; योजनेतली रुग्णालये राज्यभर आहेत, तिथे जवळचे कोणते ते आधीच विचारून ठेवा.

जाण्याची वेळ निवडता येत असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत सोयीची. मुलांच्या शाळेमुळे जूनमध्येच जावे लागत असेल, तर आई-वडिलांना दिवाळीनंतर न्या.