जाळी, तेल आणि अ‍ॅबिंग्डनची गाडी

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनचा एमजी कारखाना २४ ऑक्टोबर १९८० रोजी बंद झाला. २०२५च्या ऑक्टोबरात त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. १९६२पासून कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. १७९८ सीसीची, उघड्या टपाची ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार एकेकाळी साध्या पगारदाराच्या आवाक्यातली होती. आता ती क्लासिक म्हणून मिरवते. तिचे मोठमोठे क्लब आहेत, सुटे भाग घरपोच येतात आणि जुनी एमजीबी घेणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर टाक, मोठा ऑइल कूलर लाव, विजेचा पंखा बसव, मग रस्त्यावर काढ.

सल्ल्यात चूक नाही. चीड येते ती त्यामागच्या समजुतीची. एमजीबी जन्मतःच तापट होती, इंग्रज इंजिनियरांना गाडी थंड ठेवणे जमलेच नाही, असे आता सर्रास धरून चालतात. गाडी मुळात तशी नव्हती. तिला तापट करण्यात आले, ते एका विशिष्ट दशकात झाले, आणि ते निर्णय कुणाच्या टेबलावर झाले हेही लपून राहिलेले नाही.

साठच्या दशकावर फार रेंगाळण्यासारखे काही नाही, कारण ते बरे चालले होते. इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिज घराण्यातले होते. मराठी वाचकाची या घराण्याशी जुनी ओळख आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये कित्येक वर्षे धडधडणारे १४८९ सीसीचे इंजिन याच कुळातले. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, चाकांना दगड लावून उभ्या असलेल्या अ‍ॅम्बॅसिडर आणि रेडिएटरच्या झाकणावर ओला फडका टाकून थांबलेले ड्रायव्हर ज्यांना आठवतात, त्यांना या इंजिनाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. पाणी भरपूर असेल आणि समोरून वारा मिळत असेल तर ते तक्रार करत नाही. दोहोंपैकी एक तुटले की मात्र लगेच कळवते.

त्याच्या हेडमध्ये एक जागा नाजूक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच सामाईक वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे हेडचा मधला भाग सगळ्यांत जास्त भाजतो. तडे जातात ते बहुधा तिथेच. अ‍ॅबिंग्डनच्या लोकांना हे ठाऊक होते. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, उष्ण देशांसाठी ७४चा, थंड देशांसाठी ८८चा, अशी निवड त्यांनी कागदोपत्री करून ठेवली होती. तेलाचेही तसेच. १९५९ मध्ये एम-१ हा महामार्ग खुला झाला, सत्तर मैलांची वेगमर्यादा यायला १९६५चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात लोक तासन्‌तास पेडल दाबून गाड्या पळवत होते. अशा धावण्यात पाणी ताळ्यावर राहते, पण तेल तापून पातळ होते आणि त्याचा दाब उतरतो. म्हणून ऑक्टोबर १९६४ मध्ये क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगांचा आधार मिळाला, तेव्हा ऑइल कूलरही सरसकट बसू लागला. १९६३च्या ल माँच्या शर्यतीत चोवीस तास पळून बाराव्या क्रमांकावर आलेल्या गाडीला कुणी तापट म्हणणार नाही.

१९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाली आणि एमजी, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार एका छपराखाली आले. पुढचे दशक ज्यांनी गॅरेजच्या दारात काढले, त्यांच्या मनातली सल अजून गेलेली नाही.

आधी ट्रायम्फ स्टॅग घ्या. ही देखणी चार आसनी गाडी १९७० मध्ये बाजारात आली. रोव्हरचे साडेतीन लिटरचे, अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन त्याच समूहात तयार पडले होते, तरी स्टॅगला ट्रायम्फचे स्वतःचे तीन लिटरचे व्ही-८ देण्यात आले. त्याचा पाण्याचा पंप इंजिनाच्या माथ्याजवळ बसवला होता. पाणी थोडे कमी झाले की सर्वांत आधी पंपच कोरडा पडायचा. ओतकामातली वाळू ब्लॉकमध्ये राहून जायची आणि रेडिएटरच्या नळ्या तुंबवायची. अ‍ॅल्युमिनियमची हेडे वाकली, गॅस्केटी उडाल्या, आणि स्टॅगचे नाव उकळत्या रेडिएटरला कायमचे चिकटले. या सगळ्याचा दोष ‘इंग्रज स्पोर्ट्‌स कार’ नावाच्या एका सबंध जातीवर गेला आणि एमजीबी फुकट बदनाम झाली.

त्याच घरात योग्य काम कसे होते, तेही पाहायला मिळाले. केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने एमजीबीत रोव्हरचे व्ही-८ बसवून दाखवले, ते पाहून कारखान्याने ऑगस्ट १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ आणली. अ‍ॅबिंग्डनच्या माणसांनी रेडिएटर पुढे सरकवला आणि विजेवर चालणारे दोन पंखे दिले. दुप्पट सिलिंडर असूनही गाडी गर्दीत शांत राही. आज हजारो मालक ‘अपग्रेड’ म्हणून जे करतात, ते या कारखान्याने १९७३ मध्येच करून विकले होते. पण दोन महिन्यांतच तेलसंकट आले, अमेरिकेत ही गाडी अधिकृतपणे विकलीच गेली नाही, आणि १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनवून हा विषय गुंडाळला गेला.

साध्या एमजीबीच्या नशिबी मात्र नेमके उलटे आले. अमेरिकेच्या प्रदूषण नियमांसाठी इंजिनावर एअर पंप आणि नळ्यांचे जंजाळ चढत गेले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिकडच्या गाड्यांचे दोन कार्ब्युरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग बसवण्यात आला आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. ताकद ९५ अश्वशक्तीवरून साठीच्या घरात घसरली. बॉनेटखालची उष्णता मात्र वाढली, कारण मिश्रण पातळ होते आणि कन्व्हर्टर निखाऱ्यासारखा तापायचा. १९७४च्या शरद ऋतूत काळे रबरी बंपर आले, गाडी सुमारे दीड इंच उंच झाली, आणि क्रोमच्या जाळीतून जिथे मोकळा वारा आत यायचा तिथे रबराचा जाडजूड ओठ आला. व्ही-८साठी आखलेली रेडिएटरची पुढची जागा चार सिलिंडरच्या गाडीला द्यायला कारखान्याच्या वरिष्ठांनी १९७६ उजाडू दिले. तोवर पैसा ट्रायम्फच्या टीआर-७कडे वळला होता, आणि तीही गरम होण्यासाठीच कुप्रसिद्ध झाली.

एक लहान गोष्ट या दशकाबद्दल बरेच सांगून जाते. सुरुवातीच्या एमजीबीत स्मिथ्सचा दुहेरी मीटर असे. त्याच्या अर्ध्या भागात तेलाचा दाब दिसायचा, अर्ध्या भागात पाण्याचे तापमान, तेही आकड्यांत. इंजिनातल्या बल्बपासून मीटरपर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी जाई, तिच्यात इथर भरलेले असे. नळी मुडपली की मीटर मेला, पण जिवंत असेपर्यंत तो खरे बोलायचा. पुढे अमेरिकेच्या गाड्यांत विजेचा मीटर आला आणि आकड्यांच्या जागी सी, एन, एच (थंड, नेहमीचे, गरम) ही तीन अक्षरे. आपले इंजिन ८५ अंशांवर आहे की ९५वर, हे जाणण्याचा मालकाचा हक्क इतक्या सहज काढून घेतला गेला.

१९७९च्या सप्टेंबरात अ‍ॅबिंग्डनने एमजीच्या तिथल्या पन्नास वर्षांचा उत्सव केला. तो आटोपतो न आटोपतो तोच, १० सप्टेंबरला कारखान्यातले एमजीचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे सुमारे ९०० पौंड तोटा होतो, असे कंपनी सांगत होती. डॉलरच्या तुलनेत पौंड महाग झाला होता हे खरे. पण दहा वर्षे नवे मॉडेल द्यायचे नाही, आहे त्याचा श्वास कोंडायचा आणि मग खप पुरत नाही म्हणायचे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? मालकांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. अ‍ॅलन कर्टिस यांच्या पुढाकाराने अ‍ॅस्टन मार्टिनच्या गटाने कारखाना घेण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

त्यानंतरची वर्षे भराभर ओलांडावीत. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचे नवे बॉडीशेल बनवायला घेतले, त्यामुळे गंजलेल्या गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये माझदाची एमएक्स-५ आली आणि अ‍ॅबिंग्डनने काय करायला हवे होते, ते जपान्यांनी करून दाखवले. एमजी हे नाव हातोहात फिरत चीनच्या सैक कंपनीकडे गेले. २०१९पासून ते गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यातून भारतीय रस्त्यांवरही दिसते, उंच एसयूव्हीच्या नाकावर.

याच काळात एक धंदा गुपचूप मावळला, रेडिएटर दुरुस्तीचा. जुना रेडिएटर पितळी नळ्यांचा, तांब्याच्या फिन्सचा, वर-खाली पितळी टाक्यांचा, आणि सगळा सांधा कथील-शिशाच्या डाखाने झाळलेला. कारागीर ज्योत फिरवून वरच्या टाकीचा डाख वितळवायचा, तो वाहू लागताच फडक्याने पुसायचा आणि टाकी उचलून बाजूला ठेवायचा. नळ्यांची तोंडे उघडी पडली की एकेका नळीत चपटी सळई घालून साचलेला क्षार तळापर्यंत ढकलायचा. टाकी पुन्हा झाळून, तोंडे बंद करून, आत हवा भरून रेडिएटर हौदात बुडवायचा. बुडबुडा आला की तिथे पुन्हा डाख. जाळी पार सडली असेल तर टाक्या त्याच ठेवून नवी जाळी घालायची. असा एक रेडिएटर तीस-चाळीस वर्षे जगायचा. मुंबई-पुण्यातही हे कारागीर मोठ्या रस्त्यांच्या कडेला हमखास असत. प्लास्टिकच्या टाक्या मुडपून बसवलेले अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले आणि त्यांच्यापुढे डाख लागेना, सळई चालेना. एमजीच्याच समूहाचा रेडिएटरचा कारखाना ऑक्सफर्डमध्ये होता, अ‍ॅबिंग्डनपासून काही मैलांवर. महायुद्धात तिथे विमानांसाठी रेडिएटर बनले. त्या शहरात आज जुनी जाळी कुणाकडून झाळून घ्यावी, हा प्रश्न पडतो.

अ‍ॅल्युमिनियमला विरोध करण्याचे कारण नाही. तांबे उष्णता जास्त चांगली वाहते, पण डाखाच्या सांध्यात तो फायदा बराचसा हरवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद ठेवता येतात, भट्टीत एकजीव सांधता येतात, वजन कितीतरी कमी. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरच्या कॉनिंग्सबीत ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. १९६२च्या अभियंत्यांनी इंग्लंडसाठी असा उन्हाळा धरलेलाच नव्हता. जास्त क्षमतेचा रेडिएटर आता चैन राहिलेला नाही.

तक्रार आहे ती क्रमाची. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला पाणी सोडण्याचा एक नळ असतो. बहुतेक गाड्यांत तो उघडला तरी थेंब येत नाही, कारण चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि ओतकामाची वाळू मिळून घट्ट चिखल बसलेला असतो. तारेने टोकरून, उलट्या दिशेने पाणी सोडून तो काढल्याशिवाय चकाकता नवा रेडिएटर बसवला, तर तोच चिखल हंगामाभरात नव्या नळ्यांत जाऊन बसतो. इग्निशनचा टायमिंग मागे पडलेला असला तरी इंजिन उभ्या जागी तापते. रेडिएटर आणि त्याच्या चौकटीमधली फोमची पट्टी झडली असेल, तर वारा जाळीला वळसा घालून निघून जातो. मोठा रेडिएटर विकणाऱ्याला यांतले काही विचारायचे नसते, आणि ग्राहकही विचारत नाही.

विजेच्या पंख्याचेही तसेच. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. वाहतुकीत अडकून इंजिन मंद चालत असताना पंख्याची खरी गरज पडते, आणि नेमके तेव्हाच डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. मग बॅटरी उतरते.

ऑइल कूलर बदलताना लोक ओळी मोजतात. तेरा ओळींचा काढून एकोणीस ओळींचा लावला की काम झाले, असे वाटते. पण इंग्लंडच्या हिवाळ्यात तेल गरजेपेक्षा थंड राहिले, तर त्यात मिसळलेले पेट्रोल आणि बाष्प उडून जात नाही, इंजिन आतून झिजते. साधारण ८० अंशांना उघडणारा तेलाचा थर्मोस्टॅट मध्ये घातला, तर तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद राहते, आणि मोठा कूलर तेव्हाच खऱ्या अर्थाने कामी येतो. नळ्यांकडे तर कुणी पाहतच नाही. कूलरच्या रबरी नळ्या पत्र्यातून आरपार जातात. तिथली वायसर झिजली की पत्र्याची कड नळी कापते, आणि नळी फुटली की सगळे तेल काही क्षणांत रस्त्यावर. स्टीलच्या विणीची नळी मजबूत असते, पण मोकळी सोडली तर तीच शेजारचा पत्रा घासून खाते.

सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडून एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. कॅटलॉगमध्ये नुसते ‘हाय परफॉर्मन्स’ छापून भागणार नाही. जाळीची जाडी, नळ्यांची रुंदी, इंचाला किती फिन्स, हे छापा. पितळी टाक्यांचा, नवी जाळी घालता येईल असा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमच्या शेजारी विक्रीला ठेवा. आणि क्लबांनी वार्षिक मेळाव्यात चकाकणाऱ्या गाड्यांच्या रांगांसोबत एक टेबल अशा म्हाताऱ्या कारागिरासाठी लावावे, ज्याला डाख अजून झाळता येतो, म्हणजे दोन-चार तरुणांना ते काम त्याच्याकडून शिकून घेता येईल.