पॉवर टिलरचें तेल : बदलतांना होणारी चूक व तिचा परिहार

राजापूर तालुक्यांतील भातशेतीचें सारें यश लावणीच्या तीन-चार आठवड्यांवर अवलंबून असतें. मृगाच्या पावसावर पेरलेला तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला कीं लावणीस योग्य होतो. त्याहून फार जून झाला तर फुटवे कमी येतात व उत्पन्न घटतें. ह्या मुदतींत चिखलणी उरकली पाहिजे; आणि चिखलणीस पूर्वीं घरोघर असे तशी बैलांची जोडी आतां पुष्कळ वाड्यांतून राहिलेली नाहीं. तिची जागा पॉवर टिलरनें घेतली आहे. वाडींत एखादाच टिलर असतो व तो मालकाच्या खाचरांखेरीज शेजारच्या घरांचीं खाचरेंही भाड्यानें उरकून देतो. असा टिलर ऐन लावणींत बंद पडला तर हानि एकट्या मालकाची होत नाहीं. सबंध वाडीचा तरवा दाढींत पिवळा पडूं लागतो.

ह्या यंत्राच्या बिघाडाचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एक मात्र चमत्कारिक आहे. कारण तें आळशी मालकापेक्षां काळजीवाहू मालकाच्याच घरीं अधिक आढळतें. तें म्हणजे तेल बदलतांना झालेली चूक. तिचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दोन उदाहरणें

आमच्या शेजारच्या एका वाडींत मुंबईहून सुटीवर आलेल्या पुतण्यानें मे महिन्याच्या अखेरीस चुलत्याच्या टिलरचें तेल बदलावयास घेतलें. खालचा बोल्ट सोडला, जुनें तेल बाहेर आलें, बोल्ट पुन्हां आवळला आणि एंजिनांत नवें तेल ओतलें. परंतु सोडलेला बोल्ट एंजिनाचा नसून गिअरपेटीचा होता. परिणामीं गिअरपेटी रिकामी झाली व एंजिनांत जुनें आणि नवें अशीं दोन्ही तेलें एकत्र राहिलीं. एंजिन सुरू होतांच निळसर पांढरा धूर निघूं लागला व आवाज जड झाला. काजळी जळत असावी असें समजून पुतण्या गति वाढवूं लागला, तोंच चुलते ओसरीवरून म्हणाले, "अरे, आधीं बंद कर, मग काय तें पाहूं." एंजिन बंद केलें, मेस्त्रीस बोलाविलें, आणि दोन दिवस व थोडें तेल एवढ्यावर निभावलें. टिलर शेतांत नेलाच नव्हता म्हणून गिअरही वांचले.

दुसरें उदाहरण अर्जुना नदीकडील एका गांवचें. तेथें निचऱ्याच्या बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर बसवावयाचा राहून गेला. चिखलांत काम चालू असतां तेल थेंब थेंब गळून गेलें व तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. एंजिन तापून आपोआप थांबलें. मालकानें घाईनें नवें तेल ओतलें, दोघांनीं मिळून जोरानें हँडल मारलें, आणि एंजिन कसेंबसें सुरू करून उरलेलें खाचर पुरें करण्याचा यत्न केला. अर्ध्या तासांत आंतून खडखडाट होऊन तें कायमचें अडकलें. क्रँक खरवडला गेला होता. तो दुरुस्त होऊन परत येईपर्यंत त्या घरची लावणी पंधरा दिवस मागें पडली.

चूक दोन्ही ठिकाणीं सारखीच मोठी होती. अंतर पडलें तें चूक झाल्यानंतरच्या वागणुकीनें.

तेलाचें कार्य

तेल नेमकें काय करतें हें ठाऊक असल्यास ह्या वागणुकीचें मर्म कळेल. इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाच्या एंजिनियरानें १८८३ च्या सुमारास आगगाडीच्या आंसांवरील बेअरिंगांचे प्रयोग केले. तेल घालण्यासाठीं बेअरिंगाच्या माथ्यावर त्यानें एक भोंक पाडलें, तर फिरत्या आंसाबरोबर त्या भोंकांतून तेल उलट वर येऊं लागलें. त्यानें लांकडाची खुंटी ठोकली. तेलानें ती बाहेर ढकलून दिली. फिरणारा आंस स्वतःच तेल आपल्याखालीं ओढून घेतो, त्यास दाब आणतो व त्या दाबावर तरंगत फिरतो, हें ह्यावरून दिसून आलें. त्याचें गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्यानें १८८६ सालीं मांडलें.

आपल्या टिलरांतील क्रँकही असाच तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या मापानें मोजावा लागतो. माणसाचा केस त्याहून कित्येक पट जाड असतो. तो शाबूत आहे तोंवर धातूस धातु लागत नाहीं. तेल संपलें कीं पापुद्रा फाटतो, घर्षणानें बेअरिंगाचा मऊ थर वितळतो आणि क्रँकास चिकटतो. ह्यालाच मेस्त्री लोक एंजिन 'सीझ' झालें असें म्हणतात. नवें तेल मागाहून ओतलें तरी खरवडलेला पृष्ठभाग पुन्हां गुळगुळीत होत नाहीं; उलट त्या खरवडीच्या धारा नवा पापुद्राही फाडीत राहतात. दुसऱ्या उदाहरणांत घडलें तें हेंच.

तेल अधिक झालें तर बिघडतें काय, असें पुष्कळांस वाटतें. क्रँक फिरतांना वाढलेल्या तेलांत बुडतो व रवीनें ताक घुसळावें तसें तें घुसळतो. त्यास फेंस येतो, आणि फेंसांत हवा असल्यानें त्याचा पापुद्रा टिकत नाहीं. शिवाय वाढलेलें तेल रिंगांवरून व श्वासनळींतून वर चढून जळूं लागतें. डीझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत जें शिरेल तें पेटतें. म्हणून डीझेलची कळ बंद केली तरी एंजिन स्वतःचेंच वंगण जाळीत भरधाव सुटण्याचा संभव असतो. असें झाल्यास हवेच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबून धरावी, म्हणजे हवा तुटून एंजिन थांबतें. तेथें हात लावूं नये. फडकेंही लावूं नये, तें आंत ओढलें जातें. फळी हातापाशीं नसेल तर मंडळींस दूर करून आपणही दूर व्हावें. यंत्रापेक्षां जीव मोठा आहे.

चुका कोणत्या व त्या कशा टळतात

पहिली चूक बोल्ट ओळखण्याची. एंजिन व गिअरपेटी ह्यांचीं तेलें निराळीं व निचऱ्याचीं भोंकेंही निराळीं असतात. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंतील चित्र पाहून दोन्ही बोल्टांपाशीं तांबड्या व पिंवळ्या रंगाची खूण एकदांच करून ठेवावी. निघालेलें तेल नेहमीं मापाच्या भांड्यांत धरावें. पुस्तिकेंत लिहिलेल्या मापाइतकें तें भरलें नाहीं, किंवा फार दाट व उग्र वासाचें निघालें, तर नवें तेल ओतण्यापूर्वीं थांबावें.

दुसरी चूक वॉशराची व आवळण्याची. वॉशर नसेल तर तेल गळतें. फार जोर केला तर ॲल्युमिनियमच्या कवचांतील आटे जातात. बोल्ट प्रथम बोटांनींच फिरवून बसवावा व शेवटीं पान्यानें बेताचा आवळावा. ज्या एंजिनांस बदलावयाचा फिल्टर असतो तेथें जुनें रबरी कडें एंजिनासच चिकटून राहिलें नाहीं ना हें हात फिरवून पाहावें. दोन कडीं एकावर एक बसलीं म्हणजे दाब येतांच तेथून तेल उसळतें.

तिसरी चूक तेलाच्या जातीची. डब्यावरील '१५ डब्ल्यू ४०' अशा आंकड्यांत पहिला आंकडा थंडींतील पातळपणाचा व दुसरा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा असतो. त्याशिवाय 'सी' ह्या अक्षरानें सुरू होणारी खूण डीझेल एंजिनांच्या तेलाची व 'एस' नें सुरू होणारी पेट्रोल एंजिनांच्या तेलाची समजली जाते. पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा व खूण कागदावर उतरवून घेऊनच दुकानांत जावें. गिअरपेटीचें तेल एंजिनांत घालूं नये, व जें मोटारसायकलींतून उरलें तें टिलरांत ओतण्याची काटकसरही करूं नये.

चौथी चूक माप पाहण्याची. यंत्र सपाट जागेवर, बंद करून, पांच-दहा मिनिटांनीं पट्टी पुसून पाहावी. आपल्या उतरत्या अंगणांत टिलर तिरपा उभा असतां घेतलेलें माप खोटें असतें. तेल थोडें थोडें ओतून दोन खुणांच्या मध्यें आणावें, एंजिन एक मिनिट मंद चालवून बंद करावें व पुन्हां पाहावें.

चूक घडली असें वाटल्यास

एंजिन तत्काळ बंद करावें, आणि कारण कळेपर्यंत पुन्हां सुरू करूं नये. 'एकदां लावून पाहूं' ह्या तीन शब्दांनीं जितकीं एंजिनें गेलीं असतील तितकीं झिजून गेलीं नसतील. एंजिन निवल्यावर पट्टी पाहावी. तेल अधिक असेल तर जादा काढून घ्यावें. कमी असेल तर तें कोठून गेलें तें प्रथम शोधावें. तेल दुधाच्या चहासारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. अर्जुना व कोदवली नद्यांचें पाणी राजापूरच्या बाजारपेठेंत शिरतें हें आपणांस नवें नाहीं, आणि २०२१ च्या २२ जुलै रोजीं चिपळुणास आलेल्या महापुरानें पाण्याखालीं गेलेल्या वाहनांचें काय होतें तेंही दाखविलें. बुडालेलें एंजिन पाणी व तेल पूर्ण निचरल्यावांचून फिरवूंच नये.

मग इजा किती झाली तें अजमावावें. निघालेलें तेल स्वच्छ पांढऱ्या ताटलींत घेऊन उन्हांत पाहावें. त्यांत सोनेरी वा तांबूस चमक दिसली तर बुशाची झीज समजावी. रुपेरी चुरा दिसला व तो लोहचुंबकास लागला नाहीं, तर बहुधा बेअरिंगाचा किंवा पिस्टनचा. चुंबकास चिकटला तर लोखंडी भागांचा, म्हणजे रिंगा, लायनर, क्रँक किंवा गिअर ह्यांचा. त्यानंतर दाब सोडण्याची कळ उचलून हँडल हळूं हातानें फिरवावें. तें एकसारखें फिरलें तर आशा आहे. एखाद्या जागीं अडलें किंवा खरखरलें तर जोर न करितां मेस्त्रीकडे न्यावें. चुरा नसेल व हँडल मोकळें असेल, तर योग्य तेल मापानें भरून भारावांचून मंद गतीवर पांच मिनिटें चालवावें व आवाज ऐकावा. पांच तासांच्या कामानंतर तें तेलही काढून पुन्हां ताटलींत पाहावें. एवढ्या तेलाची किंमत क्रँकाच्या दुरुस्तीपुढें कांहींच नव्हे.

कागदाचें महत्त्व

तेल दुसऱ्यानें पैसे घेऊन बदललें असेल व त्यानंतर एंजिन बिघडलें, तर प्रश्न यंत्राबरोबर पुराव्याचाही होतो. महसूल खात्यांत पंचनामे लिहितांना अनुभवास आलें तें असें कीं, नुकसान खरें असूनही पहिल्या दिवशींची नोंद नसल्यानें माणसें हात हलवीत परत जातात. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वीं पट्टीवरील तेलाची खूण, बोल्ट व सांडलेलें तेल ह्यांचीं छायाचित्रें घ्यावीं. निघालेलें तेल मोजून त्यांतील थोडें स्वच्छ बाटलींत तारीख घालून ठेवावें. कामाची व तेलाची पावती जपावी. दुसऱ्या मेस्त्रीकडून बिघाडाचें कारण लिहून घ्यावें. आणि ज्यानें काम केलें त्यास लेखी कळवून दुरुस्तीची संधि द्यावी. बहुतेक भांडणें येथेंच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालीं जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. दिलेला मोबदला पांच लक्ष रुपयांपर्यंत असेल तर त्यास फी पडत नाहीं, व वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः यंत्र चालविणारा मनुष्य ह्या कायद्यानें ग्राहकच गणला जातो.

जुनें तेल

काढलेलें तेल पऱ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. आपला जांभा सच्छिद्र आहे. आज कातळावर सांडलेलें उद्यां विहिरींत उतरतें. असें तेल २०१६ च्या नियमांनीं घातक कचऱ्यांत गणलें आहे. तें झांकणाच्या डब्यांत साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोंचेल अशा गॅरेजांत द्यावें, आणि हात साबणानें धुवावे.

शेतकरी बंधूंनीं मृगापूर्वीं निदान दोन आठवडे हें काम उरकावें, म्हणजे कांहीं चुकलेंच तर सुधारावयास अवकाश राहतो. टिलराच्या पेटींत एक लहान वही ठेवावी व तींत तारीख, कामाचे तास, निघालेल्या व घातलेल्या तेलाचें माप आणि तेलाची जात हीं चार कलमें दर वेळीं लिहावीं. ज्याच्या टिलरापाशीं अशी वही आहे, त्याच्या येथें बोल्ट चुकला तरी तो तेलाच्या मापावरून उघडकीस येतो, आणि वाडीची लावणी वेळेवर होते.